पिठातली पावलं

दुपारी गिरण थांबली की बोळात मऊ शांतता उतरायची. पट्टा थांबे, पण भिंतींना तो थोडा वेळ आठवत राही. हवेतलं पीठ घाई न करता खाली यायचं, डब्यांवर, तराजूवर, नसरीनच्या भुवयांवर. मग ती तोंडावरून पदर फिरवायची, बाहेरची पायरी झाडायची आणि आत येऊन शटर ओढून घ्यायची. पायरीवर पीठ राहिलं तर ते लोकांच्या पायांनी बोळभर होतं, असं तिचं म्हणणं. एवढं झालं की माळ्याकडं तोंड करून हाक.

"अर्शे, थांबली गं गिरण! कर तुझी भुतं सुरू!"

भुतं माळ्यावर राहत होती. एक मोठी काच, काचेखाली दिवा, काचेवर ज्वारीचं पीठ आणि वर लाकडी चौकटीला उलटा टांगलेला कॅमेरा, विहिरीत वाकून बघणाऱ्या माणसासारखा. अर्शी ते पीठ बोटानं सारायची, काडीनं कोरायची, अब्बांच्या जुन्या दाढीच्या ब्रशनं फिरवायची. पीठ जाड तिथं अंधार, पातळ तिथं उजेड. एक चित्र झालं की फोटो. मग त्याच पिठाला थोडं हलवायचं, परत फोटो. असे शेकडो फोटो एकापाठोपाठ पळवले की पिठाचा माणूस चालायला लागे. पण त्याला एक पाऊल पुढं टाकायचं तर त्याचं मागचं पाऊल पुसावं लागे. या कामात परत मागं जायची सोय नव्हती. शिंक आली तर गाव वाहून जायचं. एकदा ज्वारीतला किडा चंद्रावरून चालत गेला होता, आणि विश्वजितनं तो तसाच ठेवला. "चंद्राला बी खाज सुटती की," म्हणाला.

विश्वजित तिच्याबरोबर चित्रकलेच्या कॉलेजात होता. आवाजाचं सगळं काम त्याचं. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं जुन्या मराठी भयकथांवर ॲनिमेशनपट करायला घेतले होते, आणि त्यातले पाच या दोघांकडं आले होते. चार झाले. एक शाईत केला, एक कागद कापून, एक सावल्यांचा, एक चिंध्यांचा. पाचवा राहिला होता. तो पिठातच करायचा, हे अर्शीनं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, कारण ती कथा तिनं पिठाच्या वासातच ऐकली होती.

कथेचं नाव 'शिवेवरचा पावणा'. दिवाळी अंकात छापून आलेली, कधीची कोण जाणे. तिन्हीसांजेला एक पावणा गावाच्या शिवेवर येतो. भेटेल त्याला विचारतो, माझ्या बहिणीचं घर कुठं? जो वाट दाखवायला त्याच्याबरोबर जातो, तो परत येत नाही. असं करत करत तो एका बाईच्या दाराशी येतो. बाई घरात एकटी, जात्यावर दळत बसलेली. दारावर हात पडतो, बाहेरून हाक येते. मग परत हात, दुसरी हाक. गावाची रीत अशी, की दिवेलागणीनंतर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही. बाई जात्याचा खुंटा घट्ट धरून तिसऱ्या हाकेची वाट बघते. ती येत नाही. झुंजूमुंजू झाल्यावर ती दार उघडते. उंबऱ्याबाहेर उडून बसलेल्या पिठात पावलं उमटलेली असतात. दाराकडं आलेली. परत गेलेलं एकही पाऊल नसतं. आणि तिच्या पाठीमागं, घरात, जातं आपोआप फिरायला लागतं.

लहानपणी अर्शीनं ही गोष्ट अम्मीच्या कुशीत ऐकली, आणि दर वेळी जातं फिरायला लागलं की अम्मीच्या पोटात तोंड खुपसलं. म्हणून चित्रपटातही गोष्ट सांगणारा आवाज अम्मीचाच हवा होता. कंपनीवाले म्हणत होते, सरावाचा आवाज घ्या, पुण्यात मिळतो. अर्शी म्हणाली, आठ दिवस थांबा.

पण नसरीनचा आवाज मिळेना. सकाळी आणि संध्याकाळी गिरण चालू. रात्री दिवसभराच्या पिठानं तिचा घसा बसलेला. संध्याकाळी मध्येच तासभर गिरण बंद ठेवून बघितली, तर बोळ जागा. विश्वजितनं ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. पावणा शिवेवर आला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए पम्या, तुझ्या आयला, गाडी काढ की दारातनं!" तालमीतल्या पोरांची हसाहस. कुकरची शिट्टी. कुत्रं. परत पम्या.

"पम्याला पैसं द्यायला लागतील," विश्वजित म्हणाला. "भुतापेक्षा जास्त बोललाय त्यो."

राहिली फक्त दुपार. दुपारी बोळ झोपतो. तालीम झोपते, पम्या झोपतो, गिरण थांबते. अर्शीनं जेवताना हळूच विषय काढला.

नसरीनचा घास हातातच राहिला. "दिवसा? गोष्ट?"

"अम्मी, एकदाच."

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतोय. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

विश्वजित भाकरी मोडत म्हणाला, "चाची, माझं मामा इचलकरंजीत बसल्यात. त्यास्नी मोबाईलवर नकाशा दिसतोय. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत न्हाई."

"तुझ्या मामाला नकाशा हाय, विश्वा," नसरीन म्हणाली. "माझ्या भावाला काय हाय?"

ताटातल्या आमटीवर पंख्याची सावली फिरत राहिली.

नसरीनचा भाऊ शहजाद. अर्शीचा मामू. त्यांचं माहेर हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात, जिथं जात्यावर बसलेल्या बायकांत हिंदू कोण आणि मुसलमान कोण हे ओवीवरून सांगता येत नसे. नसरीनची शाळा लवकर सुटली, ती जात्यावर बसली. शहजाद तिच्यापेक्षा लहान, तो शिकला. कुठून तरी फाटका दिवाळी अंक आणायचा आणि ती दळत असताना शेजारी बसून वाचून दाखवायचा. भीतीची जागा आली की आवाज बारीक करायचा, दळणाच्या घरघरीत बुडेल इतका. मग ती जातं थांबवायची. "पुढं काय झालं रं?" तो अंक मिटायचा. "आदी हूं म्हण. हूं म्हटल्याबिगर गोष्ट चालत न्हाई, वाटंतच बसती."

'शिवेवरचा पावणा' ही कथा तिला अशी मिळाली. ती सांगायची तेव्हा आवाज तिचा असे, पण थांबण्याच्या जागा शहजादच्या होत्या.

पुढं तो ट्रकवर गेला, हुबळीच्या बाजूला. गेला तोही हसत. "उरसाला येतो," म्हणाला. उरूस झाला. थोडे दिवस फोन येत होते, मग नंबर लागेना. ख्वाजा, अर्शीचे अब्बा, हुबळीपर्यंत जाऊन आले. तिथं म्हणाले, त्यानं काम सोडलं, कुठं गेला माहीत नाही. वारला असं कुणी सांगितलं नाही. आहे असंही कुणी सांगितलं नाही. तेव्हा अर्शी दप्तर घेऊन शाळेत जात होती. आता तिच्या केसांतसुद्धा दुपारी पीठ पांढरं दिसतं. इतक्या काळात या घरात दिवसाउजेडी एकही गोष्ट सांगितली गेली नव्हती. नसरीनला एवढंच राखता येत होतं. बाकी काहीच तिच्या हातात नव्हतं.

अर्शीला हे कळत होतं. तिनं कंपनीला कळवायचं ठरवलं, की पुण्याचा आवाज घ्या. त्या संध्याकाळी ती काचेपाशी नुसतीच बसून राहिली. काचेवर पावणा शिवेच्या दगडाशी उभा होता, पाठमोरा. नसरीन चहा घेऊन वर आली आणि वाकून बघायला लागली. उजेड खालून तिच्या हनुवटीवर पडला.

"ह्यो कोन? पावणा?"

"हूं."

"खांदा असा का पाडलास गं एका अंगाला?"

"तूच सांगत होतीस की. पिशवी जड हाय, म्हणून एक खांदा खाली."

नसरीन बराच वेळ बघत राहिली. शहजादचा उजवा खांदा तसाच होता, विहिरीचं पाणी वाहून वाहून पडलेला. गोष्ट सांगताना तिनं आपल्या भावाचा खांदा कधी पावण्याला दिला होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"आता फुडं कुठं जातोय ह्यो?"

"कुठंच न्हाई. आवाज न्हाई तर थांबलाय हितंच."

नसरीननं कप खाली ठेवला. पिठातल्या त्या माणसाकडं पाहत म्हणाली, "असा मदीच थांबवू नये गं कुनाला. शिवंवर." मग थोड्या वेळानं, जिन्याकडं वळताना, "रात म्हंजे तरी काय? सूर्य दिसू नये. दिवा लागावा. दळान थांबावं. एवढंच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रात्र केली.

नसरीननं घाईनं गिरण थांबवली, आणि घाईत पायरी झाडायची राहिली. शटर ओढलं. ज्वारीची रिकामी पोती आणली. विश्वजितनं ती खिडकीवर ठोकली, झरोक्यात कोंबली. जिन्याच्या तोंडावर घोंगडं लावलं. हळूहळू माळ्यावरची दुपार काळी झाली. नसरीननं तेलाचा दिवा लावला. मग अंथरूणही घातलं, कारण गोष्ट अंथरुणावरच सांगायची असते. पोत्यांच्या विणीतून बारीक बारीक ऊन येत होतं. छताच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती, त्यांतूनही आलं. हवेत तरंगणारं पीठ त्या उजेडात आलं की लकाकायचं आणि परत अंधारात जायचं.

नसरीननं वर बघितलं. "चांदण्या बी हायत की!"

"चाची, अंथरुणावर बसायचं, माइक ह्यो असा, आणि आम्ही अजिबात आवाज करणार न्हाई," विश्वजितनं कानाला यंत्र लावत सांगितलं.

नसरीननं बोटांनी दिव्याची वात सारखी केली. डोळे मिटले. आणि तिच्या तोंडून आधी गोष्ट आली नाही, ओवी आली. गोष्टीतली बाई जात्यावर म्हणते ती.

सांजच्या ग येळी, कोण उभं शिवंवर
पाय धुळीनं माखलं, पुसं भैणीचं ग घर

बंधू माझा येईल, येईल ग झुंजूमुंजू
दिवा ठेवीते दारात, वाऱ्या नगं त्यो इझवू

गोष्ट सुरू झाली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि नसरीन थांबली. डोळे उघडून अर्शीकडं बघायला लागली.

"हूं म्हण की गं! मी काय भिताडाला सांगाय लागलोय?"

"अम्मी, हूं म्हटलं तर ते त्यात येतंय!"

"आलं तर येऊंदे! हूं न्हाई तर गोष्ट चालंल कशी?"

विश्वजितनं दोन्ही हात जोडले. "चाची, तुमच्या पाया पडतो. मनातल्या मनात हूं म्हणतो. तुम्ही ऐका."

नसरीन पुटपुटली, पण सुरू झाली. आणि या वेळी थांबली नाही. पावणा शिवेवर आला. त्यानं गुराख्याला विचारलं, गुराखी गेला. पाणक्याला विचारलं, पाणक्या गेला. तिचा आवाज बारीक होत गेला, आणि त्या बारीक आवाजात पीठ पडल्यासारखे शब्द पडत राहिले. अर्शीला वाटलं आपण लहान आहोत. तिला वाटलं आपण काचेवर आहोत आणि वरून कुणीतरी वाकून आपल्याला बघतंय. दिव्याची ज्योत वाकायची, उभी राहायची. माळा हळूहळू त्या गोष्टीतल्या घरासारखा झाला. कोपऱ्यातली जुनी गोल चाळण जात्यासारखी दिसायला लागली.

"...आन् बाईचा हात थांबला," नसरीन म्हणाली. "भायेर कायतरी वाजलं. त्येनं दारावर..."

ती हुंकारासाठी थांबली. जागा शहजादची होती.

खाली शटर वाजलं.

एकदा. मग थोडं थांबून, परत एकदा.

तिघंही जागच्या जागी थिजली. विश्वजितच्या कानात तो आवाज मोठा होऊन गेला असणार. त्याचे डोळे पांढरे झाले. त्यानं बोट ओठांवर ठेवलं, कारण यंत्र चालू होतं. अर्शीनं अम्मीचा हात धरला. तो गार होता. नसरीन शटरच्या दिशेनं बघत बसली होती, मान जराशी वाकडी, गोष्टीतल्या बाईसारखी. ती तिसऱ्या वेळेची वाट बघत होती. हे तिलाही कळत नव्हतं. लहानपणापासून तिनं तीच रीत ऐकली होती.

तिसऱ्यांदा शटर वाजलं नाही.

दिवा तडतडला. आणि नसरीन एकदम उठली. "दोनदाच वाजलं," म्हणाली. "दोनदाच वाजलं गं."

"अम्मी, दळण घेऊन आलं असंल कोनतरी!"

ती घोंगडं बाजूला सारून जिना उतरलीसुद्धा. मागं अर्शी, तिच्या मागं विश्वजित. नसरीननं शटर वर ढकललं, आणि दुपार पुरासारखी आत घुसली. मोठी, पांढरी, डोळे दिपवणारी. केलेली रात्र एका क्षणात फाटली. बोळात कुणीच नव्हतं.

नसरीननं खाली बघितलं. पायरी झाडायची राहिली होती. पिठाचा पातळ थर तसाच होता, आणि त्यात पावलं होती. कोल्हापुरी वहाणांची, रुंद टाचेची. शटरकडं आलेली.

अर्शीच्या अंगावर काटा आला. विश्वजितनं "आयला" म्हटलं आणि भिंत धरली.

नसरीन वाकली. पिठावर बोट न लावता बघत राहिली, एक एक. मग तिचा श्वास सुटला.

"परत गेल्यात," ती म्हणाली. "आगं, बघ की! परत गेल्यात! ही बघ, ही भायेर तोंड केल्याली. भूत न्हवं. मानूस हाय त्यो!"

पायरीवरून पांढरी पावलं खाली रस्त्यावर उतरली होती. डांबरावर आणखी थोडी पुढं, दर पावलाला फिकट होत, बोळाच्या तोंडाशी नाहीशी झालेली. नसरीन धावली. पायांत चप्पल नाही, केस पांढरे, हात पांढरे. अर्शीनं अम्मीला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यावर ज्ञानूचा चहाचा गाडा. तो स्टुलावर बसून डुलक्या घेत होता.

"ज्ञानू! हितनं कोन गेलं आत्ता?"

"काय झालं भाभी? पीठ आंगावर पडलं काय?"

"कोन गेलं सांग की, मुडद्या!"

"एक पावणा गेला. भैनीचं घर कुठं हाय, इचारत हुता. गिरणीजवळ राहती म्हनला. मी म्हटलं, गिरण म्हटली तर हीच. मग परत आला, कोनच दार उघडंना म्हनला. गेला तकडं, चौकाकडं." ज्ञानू जांभई देत म्हणाला, "एक खांदा पडल्याला, हातातलं वझं जड हुतं वाटतं."

नसरीन पुढं ऐकायला थांबलीच नाही.

चौकात उन्हाच्या लाटा होत्या. दुकानांची दारं अर्धी ओढलेली. आणि पलीकडं, कडेकडेनं सावली धरून, एक माणूस चालला होता. पाठमोरा. उजवा खांदा खाली. अर्शीला वाटलं, हा आपणच केलाय. काल संध्याकाळी, काचेवर, ब्रशनं.

"शहज्याऽऽ!"

हाक चौकभर गेली. कबुतरं उडाली. माणूस थांबला नाही.

"शहज्या रंऽऽ!"

तरीही तो थांबला नाही. नसरीनचा श्वास संपला होता. ती वाकली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि तिसऱ्यांदा हाक मारली. नाव न घेता, नुसतंच, "आरं, थांब कीऽऽ!"

माणूस वळला.

तोंडाचं बोळकं, कपाळावर जोतिबाचा गुलाल, डोक्याला पटका. साठीच्या पुढचा. शहजाद नव्हता. हातात स्टीलचा किटलीसारखा डबा, फडक्यानं बांधलेला. त्याच्या वजनानं खांदा गेलेला.

"मला बोलावलं व्हय, बाई?"

नसरीन सरळ उभी राहिली. अर्शी जवळ पोचली तोवर अम्मीच्या तोंडावरून काहीतरी येऊन गेलं होतं. पाण्यावरून ढग जातो आणि पाणी तिथंच राहतं, तसं. ती त्या डब्याकडं बघत होती.

"गिरणीवर तुमीच आलता?"

"व्हय की. दोनदा वाजवलं. म्हटलं झोपलं असतील मान्सं, कशाला तरास." म्हातारा ओशाळला. "मी केरबा. जोतिबाच्या डोंगराखालनं आलो. आक्काचं, माझ्या भैनीचं घर हुडकतोय. नव्या जागी गेली न्हवं ती, पोरगा घेऊन गेला. गिरणीजवळ, एवढंच म्हाईत. म्हस व्यालीया आमची. पैला चीक भैनीला, म्हनून घेऊन निघालो, तर हे ऊन. नासला तर?" त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "आता म्हटलं जावं परत यष्टीला."

नसरीननं पदरानं तोंड पुसलं. पीठ निघालं, आणि पिठाबरोबर जे काय होतं ते.

"ही गिरण न्हवं वो, पावणं. दुसरी गिरण हाय. देवळामागं. मिरचीकांडपाची. कोन तरी म्हातारी नवी आलीया खरी तकडं. चला. मी दावतो."

"अम्मी," अर्शी हळूच म्हणाली, "मी जाते की यांच्याबरोबर. तू अनवाणी हाईस."

"तू आन् विश्वा फुडं व्हा. शटर उघडंच हाय."

पण दोघं गेली नाहीत. गोष्टीत पावण्याबरोबर वाट दाखवायला जो जातो तो परत येत नाही, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं, भर उन्हात. ती मागं मागं चालत राहिली. पुढं नसरीन आणि केरबा बोलत चालले होते. म्हस किती देते, वैरण कुठली, जोतिबावर औंदा गर्दी होती का. देवळामागच्या बोळात मिरचीचा खकाणा नाकात आला, आणि ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसलेली एक म्हातारी दिसली. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"केऱ्या?" आणि मग सगळा बोळ जागा होईल अशी, "आरं मुडद्या, कुठं मेलतास? सकाळधरनं भाकरी झाकून ठेवलीया! फोन कशाला घेतलाईस, देव्हाऱ्यात पुजायला?"

"वाट चुकलो की गं, आक्का."

"चुकतंयच ते! लहानपनापास्नं चुकतंय!" शिव्या देत तिनं डबा घेतला, फडकं सोडलं, चिकाचा वास घेतला, आणि शिव्या देतच तिचे डोळे भरले.

नसरीन पलीकडच्या भिंतीला टेकून ते बघत होती. ते पूर्ण बघितलं. भावानं वहाणा काढल्या, बहिणीनं तांब्या दिला, त्यानं पायांवर पाणी घेतलं. टाचांवरचं पीठ धुऊन ओट्यावरून ओघळलं. तिचंच पीठ. मग आक्कानं जबरदस्तीनं एका वाटीत चीक ओतला. "घे बाई. माझा भाऊ आणलास तू."

परत येताना नसरीन वाटी दोन्ही हातांत धरून चालत होती, सांडू नये म्हणून हळू. चौक ओलांडताना ती गुणगुणायला लागली. ओवी जुळत होती, पुसत होती, परत जुळत होती.

चुकल्या ग वाटसरा, वाट दावीते मी तुला
माझ्या बंधूला बी कुणी, अशी दावील ग भला

गिरणीत आल्यावर तिनं वाटी झाकून ठेवली, पाय धुतले आणि सरळ माळ्यावर गेली. दिवा अजून जळत होता. तिनं तो विझवला नाही. खिडकीवरचं पोतं मात्र धरून ओढलं.

"अम्मी, राहू दे की! दिवस हाय अजून!"

"असूंदे दिवस. दिवसाच सांगतो." दुसरं पोतं निघालं, ऊन काचेवर पडलं, काचेवरच्या पावण्यावर पडलं. "मदीच दार उघडलं तवा रात्र संपल्यालीच. गोष्ट दिवसातच सांडली. आन् काय झालं? एक चुकल्यालं मानूस भैनीच्या दारात पोचलं." ती अंथरुणावर बसली. "इतकी वर्सं मी तोंड मिटून बसलो, तर त्येनं काय आला न्हाई. गोष्ट झाकली म्हनून कुनाला वाट गावत न्हाई. मी हितं शटर उघडलं. तकडं त्येला बी कोनतरी उघडंल. न्हाई तर..." ते वाक्य तिनं तसंच सोडलं.

विश्वजितनं घसा खाकरला. "चाची, शेवट बदलूया का? त्या बाईला रातीच दार उघडू द्यायचं का?"

"का बदलायचा? शहज्यानं वाचला तसाच ऱ्हाऊंदे. भ्या वाटलं पायजे." तिनं माइक आपल्याकडं ओढला. "आज भ्या वाटलं म्हनूनच पळालो की मी. आन् आता त्ये तुझं मनातलं हूं नगं मला. तोंडानं दे. दोगं बी द्या."

विश्वजितनं यंत्र सुरू केलं. बोळात एक सायकल गेली, कुठंतरी भांडं पडलं. त्यानं थांबवलं नाही. नसरीननं जिथं गोष्ट सोडली होती तिथूनच उचलली.

"...त्येनं दारावर दोनदा हात मारला."

"हूं," अर्शी म्हणाली.

"हूं," विश्वजित म्हणाला.

चित्रपट पुरा झाला तेव्हा शटरचा तो आवाज तसाच त्यात राहिला. भयाण, पत्र्याचा, दोनदा. कथेतल्या लाकडी दाराला पत्र्याचा आवाज कसा, असं कंपनीतल्या कुणीतरी विचारलं, पण काढा असं कुणी म्हटलं नाही. तालमीतल्या पोरांना तो दाखवला तेव्हा, शेवटी, पिठात उमटलेल्या पावलांनंतर जातं फिरायला लागलं आणि मागच्या रांगेत बसलेल्या पम्यानं शेजाऱ्याच्या मांडीवर उडी मारली. नसरीन हसून हसून दमली.

गिरण अजून दुपारी थांबते. हवेतलं पीठ अजून सावकाश खाली येतं. पण शटर आता पूर्ण ओढलेलं नसतं. माणूस वाकून आत येईल इतकं उघडं असतं. आणि नसरीन सगळं झाडते, डबे पुसते, तराजू झटकते. फक्त पायरी झाडत नाही. तिथं पातळ पांढरा थर पसरलेला असतो, काचेवर अर्शी पसरते तसा, अजून त्यावर काही न काढलेला.